नववी चौकट

घणसोली गाव,
२ जून २०२५

प्रिय श्याम,

मनस्वी परवा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहून गेली. खुशीत आहे. हळदीला तू आलास आणि शेवटपर्यंत थांबलास, याचं गोजराला अजून कौतुक आहे. "त्या गोंगाटान घरचा मानूस पन थांबत नाय, भावजी थांबले," असं ती शेजारणीला सांगत होती. डीजेबद्दल मात्र माफी असावी. बायकोपुढे माझं चालतं, गावकीपुढे चालत नाही.

आता कामाचं. कागदावर लिहितोय, कारण नियम आपला दोघांचा आहे : आपल्या धड्यांच्या समितीचं काम फोनवर ठरलं तर ते ठरलंच नाही, आणि व्हॉट्सअॅपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे.

माझा फोन वाजत नाही.

हसू नकोस. मी वही ठेवतो हे तुला माहीत आहे. तारीख, कंटेनर यार्ड, विचारणारा, धडा क्रमांक, शंका, दिलेलं उत्तर. चार वर्षांत ९१२ फोन, म्हणजे आठवड्याला चार-पाच. शेवटची नोंद १४ मे, सकाळी सव्वानऊ, धडा २७. त्यानंतर एकोणीस दिवस कोरे. मी सिमकार्ड बदलून पाहिलं. गोजराच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून पाहिला. वाजतो. गोजरा म्हणते, "शिकली आसतील आता सगली." सगळे शिकले असते तर मी पेढे वाटले असते. पण यार्डात दर महिन्याला नवी भरती होते आणि कंटेनर कुणाची ओळख ठेवत नाही.

मला आपली पहिली बैठक आठवते. यार्डातलं काम शिकवणाऱ्या सात संस्था, सातांचे सात तऱ्हेचे ऑनलाइन धडे. एकाचा धडा दुसऱ्याच्या संगणकावर उघडायचा नाही. एकच पट्टा बांधायला उरणला एक शिकवायचे, तळोज्याला दुसरं. तेव्हा तू फळ्यावर कंटेनर काढलास. चूक : मी काढला, तू खडू दिलास. मी म्हणालो, कंटेनर कुणाचाही असो, त्याच्या आठ कोपऱ्यांची भोकं जगभर एका मापाची असतात, म्हणून कुठलीही क्रेन तो उचलते. धड्यालाही तशी भोकं पाडू. त्यातून आपला नमुना झाला. एका धड्यात एकच काम. धड्यात तोंड दिसायचं नाही, नाव घ्यायचं नाही, यार्डाची पाटी दिसायची नाही. फक्त हात आणि यंत्र, म्हणजे तोच धडा कुठेही चालेल. आणि धड्याबरोबर चौकटींचं नोंदपत्रक : काम कोणतं, यंत्र कोणतं, आधीचा धडा कोणता, असं. आठ चौकटी सगळ्यांनी लगेच मानल्या. नववीसाठी मी तीन बैठका भांडलो. "शंका आल्यास : धडा करणाऱ्याचं नाव व मोबाइल. सक्तीची." तेव्हा माझ्या बाजूने बोलणारा तू एकटा होतास.

माझ्या ११२ धड्यांत माझं तोंड कुठेच नाही. मी आहे तो नवव्या चौकटीत. तेव्हा धडे आता बेलापूरच्या कंपनीच्या ज्या नव्या संगणक व्यवस्थेत गेलेत, तिथे ती चौकट नीट दिसते ना, एवढं बघून कळव.

तुझा,
वामन

—

खांदेश्वर,
९ जून २०२५

प्रिय वामनशेठ,

पत्र मिळालं. तुझ्या वहीतल्या कोऱ्या पानांनी बेचैन झालेला तू डोळ्यांपुढे आलास आणि खरंच हसू आलं. अरे, बाप झालास, आता सासरा झालास, जरा निवांत बस की.

मे महिना म्हणजे निम्मी माणसं गावाला. त्यात १५ मेपासून सगळे धडे बेलापूरकरांच्या नव्या व्यवस्थेत गेले. स्थलांतर म्हटलं की थोडं इकडचं तिकडे होतंच. आनंदाची बातमी ऐक : आपले धडे आता सात नाही, एकोणीस ठिकाणी चालतात. एक तर थेट गुजरातेत. तू खडूने काढलेला कंटेनर कुठे पोहोचला बघ. (फळा माझा होता, हे विसरू नकोस.)

फोन कमी येणं हे धडे चांगले असल्याचंही लक्षण असू शकतं, नाही का? गोजरावहिनी चुकीचं बोलत नाहीत.

चौकटीचं बघतो. छपाईच्या गडबडीत आहे, पंधरा दिवस दे. मनस्वीला आशीर्वाद.

तुझाच,
श्याम

—

घणसोली गाव,
२१ जून २०२५

श्याम,

तू पंधरा दिवस मागितलेस. मी बारा दिले आणि स्वतः उरणला जाऊन आलो.

पायल तिथे रीच स्टॅकर चालवते. कंटेनर उचलून रचणारं ते पंचेचाळीस टनी धूड तिने माझ्याकडे शिकून हातात घेतलं. तिने गेटवर सांगून ठेवलं होतं, तरी पास काढावा लागला. पासवर "भेटीचं कारण" होतं. मी लिहिलं, "स्वतःला बघणे". वॉचमनने वर पाहिलं, पण शिक्का मारला.

प्रशिक्षणाच्या खोलीत सनी नावाचा माणूस नव्या भरतीला धडा ४१ दाखवत होता : कंटेनरचं दार उघडणे. आतला माल अंगावर येऊ नये म्हणून आधी दोन्ही दारांच्या दांड्यांना पट्टा बांधायचा, मग दार उघडायचं. मी मागे बसलो. संपल्यावर तो मला म्हणाला, "काका, तुम्ही नवीन ना? टेस्ट द्यायला लागेल. धडा बघितलाय का आधी?"

मी म्हणालो, "हात माझे आहेत."

तो हसला. मग मी डावा हात वर केला. करंगळीचं टोक २००३ साली साखळीत गेलं, ते पडद्यावर पट्टा बांधताना स्पष्ट दिसतं. सनीने पडदा पाहिला, हात पाहिला. "आयला, सेम टू सेम!" मग काय, पोरांनी सेल्फी काढले.

हे मजेचं झालं. आता मजा संपली. धडा संपल्यावर मी नोंदपत्रक उघडायला लावलं. आठ चौकटी भरलेल्या. नववी रिकामी. नाव नाही, नंबर नाही. खाली कंपनीचा टोल फ्री. दुसरा धडा उघडला, तिसरा उघडला. पायल आणि मी मिळून माझे एकशे बाराच्या एकशे बारा पाहिले, साडेतीन तास लागले. सगळीकडे रिकामी.

पायल म्हणते, "काका, धडे परत शूट करा आणि हातमोज्यावर मार्करने नंबर लिहा. कोण काय पुसतोय बघू!" मी तिला ओरडलो. धड्यात माणूस दिसता कामा नये, हा नियम मीच लिहिलाय. दुसऱ्याने मोडला म्हणून मी मोडायचा नसतो.

नमुन्यातला एक शब्द बदलायचा तरी अध्यक्ष आणि चिटणीस, दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्ष मी आहे. मी सही केलेली नाही. तू चिटणीस आहेस, तेव्हा शोध : कंपनीने परस्पर केलं, का समितीत कुणी फितूर झालं? कुणाचंही नाव असो, मला लेखी कळव. आपण दोघे मिळून त्याला बैठकीत उभा करू.

वामन

—

खांदेश्वर,
२८ जून २०२५

प्रिय वामन,

तू चिडणार हे माहीत होतं, म्हणून लिहायला वेळ घेतला.

कंपनीने परस्पर काही केलेलं नाही. समितीतही कुणी फितूर नाही. अंतिम मसुद्याच्या अकराव्या पानावर, सहाव्या ओळीत, नववी चौकट "सक्तीची" ऐवजी "ऐच्छिक" केलेली आहे. बेलापूरकरांची अट होती की कुणाचेही खाजगी मोबाइल नंबर त्यांच्या व्यवस्थेत नकोत. त्याशिवाय ते एकोणीस ठिकाणी धडे नेणार नव्हते. एका चौकटीसाठी सगळं काम बुडवायचं का? मला व्यवहार्य वाटलं.

मसुद्यावर दोन्ही सह्या आहेत. मूळ कागद फायलीत आहे, शेवटच्या पानाची रंगीत झेरॉक्स सोबत जोडतो. सही तुझी आहे.

शांत डोक्याने विचार कर. धडे तर चाललेत ना? तेच आपल्याला हवं होतं.

तुझा,
श्यामसुंदर

—

घणसोली गाव,
३ जुलै २०२५

श्यामसुंदर,

झेरॉक्स मिळाली. सही माझी आहे. सहीखाली पिवळा अंगठा उठलाय, तोही माझाच.

२७ एप्रिल. मांडवात उभं राहायला जागा नव्हती. मनस्वीला हळद लावून मी पाटावरून उठत होतो, तेव्हा तू आलास. एका हातात आहेराचं पाकीट, दुसऱ्या हातात चौदा पानं. डीजेमुळे तू माझ्या कानाला तोंड लावून बोललास, म्हणून शब्द न् शब्द लक्षात आहे : "उद्या छापायला जायचंय रे. नुसती पानं जुळवलीत, बदल काही नाही. सही कर आणि पोरीकडे जा." मी म्हणालो, हात हळदीचे आहेत. तू म्हणालास, "शुभ असतं." आणि पाठ वाकवलीस. तुझ्या पाठीवर कागद ठेवून मी सही केली.

मी नववी नापास माणूस आहे. मला वाचायला यार्डाने शिकवलं : एका जर्मन क्रेनचं दोनशे सत्तर पानांचं पुस्तक, शेजारी शब्दकोश, अकरा महिने. तेव्हापासून मी न वाचता कशावर सही केली नाही. विजेच्या मीटरचं पत्र वाचतो. सोसायटीवाल्यांनी आमच्या गल्लीतून पाइप न्यायला संमतीपत्र आणलं, तर त्यांना पाऊण तास ओट्यावर बसवून ठेवलं. जावयाच्या घरच्यांनी हॉलची पावती दिली, तीही मागून-पुढून वाचली. मनस्वी लाजेने लाल झाली. आयुष्यात एकच कागद वाचला नाही. तो तू आणलेला होता म्हणून.

तो दिवस तू निवडलास. हे मला मागे वळून पुन्हा पुन्हा बघावं लागतंय. मसुदा तुझ्याकडे ९ एप्रिलपासून तयार होता, तारीख पहिल्या पानावर आहे. अठरा दिवस तू थांबलास. माझ्या पोरीची हळद कधी आहे, याची वाट बघत.

गोजराला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती अजून "भावजी थांबले, भावजी थांबले" करते. तू का थांबला होतास, हे तिला कसं सांगू?

आणि नमुन्याचं छापलेलं पुस्तक पायलने आणून दिलं. आतल्या पानावर "मुख्य रचनाकार : श्यामसुंदर केळुसकर". मी मागे "सहभाग" मध्ये, बाविसावा. आडनावही मढवीचं माधवी केलंय. नावाचं मला काही नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. आहे. पण नाव पुसलंस तर पुसलंस, नंबर का पुसलास? नाव माझ्यासाठी होतं. नंबर त्यांच्यासाठी होता.

पुढच्या बैठकीत हा विषय ठेव : नववी चौकट पुन्हा सक्तीची. फोन करू नकोस. फोनवर ठरलेलं ठरलेलं नसतं.

वामन मढवी

—

खांदेश्वर,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय वामन,

तुझ्या पत्राला सहा आठवडे उत्तर दिलं नाही. बैठकही बोलावली नाही. गेले सहा दिवस तुला फोन करतोय, तू उचलत नाहीस. तेव्हा हे लिहितो, नियमाप्रमाणे.

तुझ्यापर्यंत बातमी आली असेलच. आठ तारखेला उरणजवळच्या एका गोदामात कंटेनरचं दार उघडताना आतल्या गोण्या कोसळल्या. प्रीतम नावाचा माणूस, चौतीस वर्षांचा. उजव्या पावलाची चार हाडं मोडली. त्याने सकाळी धडा ४१ दोनदा पाहिला होता. पण त्याच्या कंटेनरच्या उजव्या दाराची एक दांडी तुटलेली होती. मग पट्टा कोणत्या दांडीला बांधायचा? त्याने टोल फ्रीला फोन लावला.

अहवाल मला लिहायचा आहे. गेले तीन दिवस "शंकानिरसनाची सोय" या मथळ्यापुढे काही लिहिता येत नाही. तेव्हा आधी तुला खरं लिहितो.

बेलापूरकरांनी अट घातली नव्हती. त्यांनी विचारलं होतं, "हे नंबर ठेवायचेत का?" मी म्हणालो, नकोत.

का, ते लिहायला लाज वाटते. मी एकतीस वर्षं ऑफिसात होतो. टेबलावर दोन फोन. निवृत्त झालो त्या दिवसापासून माझा फोन फक्त बँकवाले करतात. अभिराम कॅनडातून रविवारी करतो, तोही सूनबाईंनी आठवण केली तर. आणि तुझ्या ओट्यावर चहा पीत बसलो की तुझा फोन वाजायचा. तू बोट वर करून मला थांबवायचास, वही ओढायचास, "हं, बोल बाबा, कुठल्या यार्डातून?" माझं वाक्य अर्धं राहायचं. चार वर्षं माझी वाक्यं अर्धी राहिली, वामन. नमुन्याची सगळी भाषा मी लिहिली, बैठकांचे इतिवृत्तांत मी लिहिले, आणि तळोज्याचा माणूस "मढवी साहेब आहेत का" म्हणून विचारायचा. मला ते सोसलं नाही. मला वाटलं, आवाज बंद झाला की आपण दोघे पुन्हा सारखे होऊ.

हळदीचा दिवस मुद्दाम निवडला, हेही खरं. एरवी तू वाचल्याशिवाय सही केली नसतीस.

मी समितीला कळवलंय. बावीस तारखेला बैठक आहे. चौकट पुन्हा सक्तीची करायची, पुस्तकावर तुझं नाव पहिलं घालायचं, मी चिटणीसपद सोडायचं, असे तीन ठराव मीच मांडतोय. तू ये. आणि शक्य असेल तर एकदा, फक्त एकदा, फोन उचल. कामासाठी नाही.

श्याम

—

घणसोली गाव,
२४ ऑगस्ट २०२५

श्री. श्यामसुंदर केळुसकर यांस,

आपलं १४ ऑगस्टचं पत्र मिळालं. परवाच्या बैठकीत आपल्याशेजारची खुर्ची सोडून मी समोर बसलो, ते आपल्या लक्षात आलं असेल. तिन्ही ठराव मी दोनदा वाचले आणि सही केली. पुस्तकावर माझं नाव पहिलं नको, एवढी दुरुस्ती सुचवली. नावं आडनावाच्या अक्षराप्रमाणे लागावीत. तसं केलं की केळुसकर आधी येतात. येऊ देत. नियम म्हणजे नियम.

शनिवारपासून नववी चौकट पुन्हा दिसू लागली. पहिला फोन सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आला. नोंद क्रमांक ९१३.

मी प्रीतमला भेटून आलो. पाय उशीवर, बायको शेजारी लसूण सोलत होती. मी नाव सांगितलं, ते त्याला ओळखीचं नव्हतं. मग त्याची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. "तुमी ते हातवाले काका?" म्हणाला. उठून बसायला लागला. मी खांद्याला धरून निजवला. त्याचा मोबाइल मागून घेतला. टोल फ्रीला १० वाजून ४२ मिनिटांनी फोन लावलाय, अकरा मिनिटं चालू होता. मी विचारलं, काय सांगितलं त्यांनी? "मराठीसाठी दोन दाबा, मग गाणं." १० वाजून ५५ मिनिटांनी त्याने दार उघडलं. मुकादम ओरडत होता, प्रीतम तरी किती थांबणार?

उत्तर एका वाक्याचं होतं. दांडी तुटकी असेल तर दार उघडायचं नाही, बाजूला व्हायचं, कंटेनर परत करायचा. हीच शंका माझ्या वहीत तीनदा आहे : नोंद ११८, ४०३ आणि ७७०. तिघेही दोन पायांवर चालतायत.

मग मी प्रीतमला सांगितलं की माझा नंबर तिथे असायला हवा होता, आणि तो काढायच्या कागदावर माझी सही आहे. न वाचता केलेली. त्याची बायको म्हणाली, "तुमी कशाला सांगता काका, आमाला कुटं कललं आसतं?" म्हणूनच सांगितलं, मी म्हणालो. तुमचं नाव मी तिथे घेतलं नाही. त्याची गरज नव्हती. सही करणाऱ्याने वाचायचं असतं. ते ओझं मी कुणाच्या पाठीवर ठेवणार नाही. एकदा ठेवलं, तेवढं बस झालं.

गोजराला काल सगळं सांगितलं. तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "मंग पोरीच्या हलदीला आपला कोनच नव्हता." मनस्वीला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. फोटोत तुम्ही तिच्या शेजारी आहात.

तुम्ही लिहिलंत की तुमची वाक्यं अर्धी राहायची. हे मला खरंच माहीत नव्हतं. मी बोट वर करायचो तेव्हा मला वाटायचं, हा माझा माणूस आहे, हा थांबेल. तिकडचा माणूस दारासमोर उभा आहे, तो थांबू शकत नाही. तुम्ही एकदा म्हणाला असतात, "वामन, माझं ऐकून घे," तर मी फोन गोजराकडे दिला असता. तिला निम्मे धडे पाठ आहेत. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही चौकट पुसलीत.

माफ करायचं का, यावर मी चार दिवस घालवले. खोटं लिहीत नाही : जमलेलं नाही. जमलं तर लेखी कळवीन.

आपल्या नमुन्यात कोणताही धडा नोंदपत्रकाशिवाय पाठवायचा नाही, असं कलम आहे. तेव्हा या पत्राचंही जोडतो. काम : एकच, निरोप देणे. यंत्र : लागत नाही. आधीचा धडा : २७ एप्रिल. लागणारा वेळ : चार वर्षं. भाषा : मराठी. परीक्षा : झाली. आवृत्ती : पहिली आणि शेवटची. पुन्हा वापर : कुणीही, कुठेही करावा.

नववी चौकट, शंका आल्यास, नाव आणि मोबाइल.

उरण, तळोजा, गुजरात, जिथे जिथे धडे जातात तिथे ही चौकट आता सक्तीची आहे, आणि कुणाचाही फोन मी उचलीन. फक्त या एका पत्रापुरती मी ती तुमच्या मसुद्याप्रमाणे धरतो. पान अकरा, ओळ सहा : ऐच्छिक.

म्हणून ती रिकामी ठेवली आहे.

वामन रघुनाथ मढवी